प्रार्थना आणि तांदळाचा डबा

पौषी पौर्णिमेला आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. म्हसोबाचे दर्शन घेणारे पुष्कळ, पण जत्रेचा खरा जीव बैलांच्या बाजारात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडिलांच्या मागोमाग त्या बाजारातून हिंडत होतो, तेव्हा एका वडाखाली एक वृद्ध गृहस्थ हातात एकतारी घेऊन उभे असलेले दिसले. अंगात जुना कोट, खांद्याला झोळी, झोळीत रुपया-दोन रुपयांची ख्रिस्तचरित्राची पुस्तके. बोलायला आरंभ करण्यापूर्वी त्यांनी डोळे मिटले आणि मिनिटभर ते स्तब्ध राहिले. जत्रेतल्या पोरांना ही मोठीच करमणूक झाली. एकाने बैलासारखा हंबरडाही फोडला. म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

माझे वडील कीर्तनकार. शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यापाड्यांत सप्ताह असला की त्यांना बोलावणे येई. त्यांना त्या पोरांचा राग आला, कारण पागोटे बांधून झाल्यावर देवळाच्या खांबाआड तेही असेच मिनिटभर डोळे मिटून उभे राहत. दुपारी त्यांनी म्हाताऱ्याला आपल्या फडक्यातली भाकरी दिली आणि विचारले, "मास्तर, उभं राहण्याआधी देवाला काय म्हणालात?"

"म्हटलं, तोंड माझं आहे, शब्द तुझे असू देत. तुम्ही तरी दुसरं काय म्हणत असाल, बुवा?"

"तेच म्हणतो. पण मी बिदागी घेत नाही," वडील जरा अभिमानानेच म्हणाले.

म्हातारा हसला. "मला पगार आहे. थोडका आहे, पण महिन्याच्या महिन्याला येतो. पोटाची काळजी आधीच मिटलेली. त्यामुळं भरवसा टाकतो म्हणतो तो देवावर की पगारावर, हे माझं मलाच कळत नाही. तुमची प्रार्थना सोपी, बुवा."

वडिलांना हे फार आवडले. घरी येऊन त्यांनी आईला मोठ्या कौतुकाने सांगितले. आई तांदळाच्या डब्यात हात घालून बसली होती. ती म्हणाली, "सोपी तर सोपी. उद्यापुरते आहेत." एवढेच.

ही घरगुती हकीगत दिवाळीच्या अंकात आणि तीही समीक्षेच्या लेखात कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती आली तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती आईच्या त्या हाताची. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. मुलांना शिकवता शिकवता वाचले आणि वाचता वाचता दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, तेवढीच माझी विद्या. तेव्हा पंडितांनी या ग्रंथावर जे लिहिले आहे त्याच्याशी झुंज घेण्याचा माझा अधिकार नाही. पण एक तक्रार मात्र मनात फार दिवस साठली आहे, ती आज मांडतो.

'स्मृतिचित्रे'चे चार भाग 1934 ते 1936 या काळात आले. तेव्हापासून आपण सर्वजण त्या ग्रंथाकडे विनोदाचा ठेवा म्हणून पाहत आलो. कित्येक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे उतारे आले, आणि ते बहुधा हसवणारेच निवडलेले. साखर-मीठसुद्धा धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे सोवळे वडील, घरातून न सांगता निघून जाणारे टिळक, हातात पडलेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे होणारे टिळक. मुले हसतात, मास्तरही हसतात, तास संपतो. दुसरीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आपण 'फुलामुलांचे कवी' असे गोड नाव देऊन ठेवले आहे. या दोहोंच्या मध्ये एक मनुष्य हरवला. तो म्हणजे उपदेशक टिळक. ख्रिस्ताचा संदेश सांगणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम झाले, आणि ते काम केवळ देवाच्या भरवशावर करता आले पाहिजे या ध्यासाने ज्याने अखेरीस हातातला पगारही सोडला, तो. त्याला वगळून 'स्मृतिचित्रे' वाचणे म्हणजे तुकारामाची गाथा सोडून नुसता त्याच्या बायकोचा त्रागा सांगत बसणे होय.

हकीगत थोडक्यात सांगतो. टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आई लहानपणीच गेली; मुलगा नाशकास येऊन गणेशशास्त्री लेल्यांजवळ संस्कृत शिकला. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि रोज वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक अडकले ते कायमचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. चार-पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी आपले सोवळे सांभाळूनच आल्या. टिळकांनी कधी जबरदस्ती केली नाही. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये उपदेशक आणि शिक्षक म्हणून राबले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदय'चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. आणि 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास जाहीर केला. साताऱ्यास जाऊन बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' त्यांनी उभारायला घेतला. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

म्हशाच्या जत्रेतला तो म्हातारा एका वाक्यात जे बोलून गेला, तेच टिळकांना बावीस वर्षे सलत होते. परदेशातून आलेल्या पैशावर पोसलेला उपदेशक या भूमीतल्या माणसाच्या काळजाला हात घालू शकत नाही, हे त्यांना दिसत होते. आपल्याकडे उपदेश करणारा कसा असतो याची खूणगाठ लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवली आहे. तो मागत नाही, साठवत नाही. टिळक स्वतः सांगत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो. त्या पुलावरून आलेल्या माणसाला पगारपत्रकावर सही करताना काय वाटत असेल याची कल्पना आम्हा मास्तर मंडळींना चांगली येईल.

त्यांची प्रार्थना कशी होती, हे पाहायचे तर 'अभंगांजली' उघडावी. अभंग हा प्रकारच मुळी प्रार्थनेचा. शेवटच्या चरणात 'दास' ही मुद्रिका येते, आणि मधल्या चरणांत ख्रिस्त कधी गुरू होतो, कधी माउली. इथे उपदेशक आणि भक्त वेगळे काढता येत नाहीत. आपल्या कीर्तनात आधी नमन येते आणि मग निरूपण. म्हणजे लोकांकडे तोंड करण्यापूर्वी बुवाला देवाकडे तोंड करावेच लागते. ख्रिस्ती धर्माचे निरूपण मराठीत आले तेही याच दाराने. गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले, त्याचाही आरंभ नमनाच्या ओव्यांनी होतो. नगरकडे टिळकांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. टिळकांनी त्या परंपरेला काव्य दिले. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे, आणि रविवारी मराठी देवळांतून ती पदे आजही म्हटली जातात.

पण अभंगात एक गोष्ट सापडत नाही. देवावर भार टाकला, ठीक. मग तो भार प्रत्यक्षात कोणी उचलला? याचे उत्तर अभंग देत नाही. ते काम 'स्मृतिचित्रे' करतात. माझ्या मते मराठीत ईश्वरावरील भरवशाविषयी लिहिलेला हा सर्वांत सच्चा ग्रंथ आहे, आणि तो लिहिला भरवसा टाकणाऱ्याने नव्हे, तर त्याच्या बायकोने.

टिळकांनी पैसे देऊन टाकले की त्या दिवसापुरते ते मोकळे होत. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली, ती त्यांच्या करुणेची साक्ष; पण त्या मुलांच्या अंगावरची खरूज, त्यांचे कपडे, त्यांची भूक हे सगळे घरातल्या बाईच्या वाट्याला. उपदेशक देवळात 'उद्याची काळजी करू नका' हे प्रवचन सांगतो, तेव्हा उद्याची काळजी नाहीशी होत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन बसते. लक्ष्मीबाईंनी हे कुठे तत्त्व म्हणून मांडलेले नाही. त्या नुसत्या घडलेले सांगतात, हसत हसत सांगतात, आणि म्हणूनच आपण फसतो. नवऱ्याचा उल्लेख त्या सरळ 'टिळक' असा करतात. त्यात जवळीक आहे आणि हातभर अंतरही आहे. या अंतरामुळेच त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. हा मनुष्य देवाचा आहे, हे त्यांना दिसते. आणि हा मनुष्य अत्यंत त्रासदायक आहे, हेही दिसते. संतांच्या चरित्रकारांना दुसरी गोष्ट दिसत नाही, आणि त्यांच्या टीकाकारांना पहिली.

येथे एक आक्षेप येईल. टिळकांचा हा भरवसा नव्हताच, तो निव्वळ अव्यवहारीपणा होता, असे म्हणणारे मला वाचनालयात भेटले आहेत. मला हे पटत नाही. अव्यवहारी मनुष्य पैसे हरवतो. टिळक ते देत. पन्नाशी उलटल्यावर बांधलेला पगार सोडणे हा वेंधळेपणा असू शकत नाही. त्याला हिशेब लागतो, आणि तो टिळकांनी केला होता. पण तो हिशेब उपदेशकाचा होता. गृहस्थाचा हिशेब त्यांनी देवावर सोडला, म्हणजेच पुष्कळ अंशी लक्ष्मीबाईंवर. त्यांच्या थोरवीला मी कमीपणा आणीत नाही; पण प्रार्थनेविषयी लिहायचे आणि हा जमाखर्च झाकायचा, हे मला जमणार नाही.

आता याच काळातल्या दुसऱ्या एका मराठी प्रार्थनेकडे यावे, कारण तिच्याजवळ ठेवल्याशिवाय टिळकांची प्रार्थना नीट दिसत नाही. ती पंडिता रमाबाईंची. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. तीर्थोतीर्थी हिंडावे, भागवत सांगावे, लोक देतील त्यावर राहावे, असा त्यांचा संसार. म्हणजे रमाबाई उपदेशकाच्याच घरात, देवावरच्या भरवशातच वाढल्या. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब सापडले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात संपले होते, अंगमेहनतीची सवय नव्हती, हात पसरायची लाज होती. आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे सांगितले आहे, डोळ्यांतून टिपूस न काढता. ती साक्ष इंग्रजीत आहे. पण तीतले दुःख मात्र अस्सल आपल्याकडचे आहे.

ही बाई पुढे ख्रिस्ती झाली आणि तिने पुन्हा देवावरच भार टाकला! मला आश्चर्य याचेच वाटते. ज्या विहिरीत आईबाप बुडाले त्याच विहिरीचे पाणी प्यायला वाकण्यासारखे हे. पण या वेळी तिने पोहरा तपासून घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, ते अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले म्हणून. ती दहा वर्षे एक दिवस संपणार, हे रमाबाईंनी डोळ्यांआड होऊ दिले नाही. त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली, कारण झाड उद्या फळ देते. दुष्काळ पडला तेव्हा 1897 मध्ये मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणल्या. विहिरी खणल्या. त्या मुलींना शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यातले खिळे जुळवणे असे हाताचे काम शिकवले. इंग्लंडातल्या ब्रिस्टॉल शहरी जॉर्ज म्यूलर या गृहस्थाने कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. त्याचे चरित्र वाचून रमाबाईंना धीर आला असे त्या स्वतः सांगतात. परंतु म्यूलरच्या ब्रिस्टॉलला केडगावच्या माळाचे ऊन ठाऊक नव्हते. रमाबाईंना होते. म्हणून त्यांच्या प्रार्थनेच्या शेजारी कुदळ दिसते.

1905 सालच्या आरंभापासून केडगावच्या मुक्ती सदनात काही मुली आणि बाया रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनच्या अखेरीस तिथे जे भरते आले त्याची वर्णने अनेकांनी लिहिली आहेत: शेकडो जणी एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करीत, रडत, गात. पाहुण्या गोऱ्या मंडळींपैकी काहींना तो गलबला सोसवला नाही. आमच्या सप्ताहाच्या काल्याला त्यांनी हजेरी लावली असती तर इतके दचकले नसते. पण माझे लक्ष जाते ते पुढच्या गोष्टीकडे. त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत उपदेशाला जाऊ लागल्या. दुष्काळात रस्त्यावर पडलेली पोर आठ वर्षांनी दुसऱ्यांच्या दारात उभी राहून देवाविषयी बोलते, तेव्हा तिच्या तोंडी 'देव भरवतो' हे शब्द कसे लागत असतील! त्या शब्दांमागे भाकरी आहे, विहीर आहे आणि पीठ दळणारे तिचेच हात आहेत. पगाराचा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

प्रार्थनेच्या भाषेविषयी मात्र रमाबाई आणि टिळक दोन टोकांना उभे. पुराणिकाची लेक, संस्कृत पंडिता. तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले, आणि त्यात जुन्या शास्त्रांचा वास येणारे शब्द निग्रहाने दूर ठेवले. 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा काम हातावेगळे झाले होते; संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांनी उलट गुरू, माउली, दास, दरबार, संन्यास सगळे शब्द घरात घेतले. वाचक म्हणून माझा कौल टिळकांच्या बाजूला पडतो. रमाबाईंचे भाषांतर कानाला खडबडते. पण या शब्दांनी ज्यांच्या घरी भूक आणली त्यांना ते जड जाणार, हेही समजते. टिळकांना पुराणिकाची गरिबी गोड वाटली. रमाबाईंनी ती भोगलेली होती.

आणि इथेच लक्ष्मीबाई पुन्हा आठवतात. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले आणि पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. ज्या बाईला अक्षरओळख नवऱ्याने घरी करून दिली, तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून तो ग्रंथ पुरा केला. 1936 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1938 मध्ये निघाला. नवऱ्याने अर्धे सोडलेले काम उचलण्याची सवय त्यांना संसारात झालीच होती. तथापि मला असे वाटते की या वेळी त्या त्याच्या मागची आवराआवर करीत नव्हत्या. ओवीच्या आरंभी नमन करायला त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. चिडत, हसत, डबे हलवून पाहत त्यांनी जो भरवसा कमावला तो आता त्यांचा स्वतःचा झाला होता. 'स्मृतिचित्रे'त भक्तीची भाषा इतकी थोडी आणि भक्ती इतकी पुष्कळ का, याचे उत्तर मला इथे सापडते.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. टिळकांच्या एकांतातल्या प्रार्थनेपाशी लक्ष्मीबाई फारशा थांबत नाहीत. दार लोटलेले असले की त्या बाहेरूनच परततात. अखेरच्या भागात जुना जोर उरलेला नाही. इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली; 1950 मध्ये जोसेफिन इंक्स्टर यांनी केले, 2017 मध्ये शांता गोखले यांनी केले. परक्या वाचकाला त्यातला नवरा-बायकोचा झगडा कळेल यात शंका नाही. तांदळाच्या डब्याचा आवाज त्याला कितपत ऐकू येईल, कोण जाणे.

वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे शहापुरास राहायला आली. पावसाळ्यात वीज गेली की कंदिलाशी बसून मी तिला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवीत असे. वर्गातली मुले जिथे खदखदून हसतात तिथे ती हसत नसे. आणि जिथे मला काहीच विशेष वाटले नव्हते अशा ठिकाणी तोंडाला पदर लावून हसे. टिळकांनी हातचा पैसा देऊन टाकल्याचे एक ठिकाण आले तेव्हा मी जरा रंगात येऊन त्यांच्या वैराग्याविषयी बोलू लागलो. सासरचे काही आठवल्यासारखी ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते कळलं रे. पण त्या दिवशी तिनं शिजवलं काय? ते लिहिलंय का बघ."

मी पान पुन्हा मागे उलटले.